पंधरवड्यातली तारीख

यंदा पितृपंधरवडा लवकर आला. लालबागेतले मांडव अजून पुरते उतरलेले नाहीत. काल सकाळी सव्वापाचला पळायला निघाले तर फुटपाथभर बांबू आडवे पडलेले, सुतळ्यांचे गुंते, ओल्या प्लायवूडचा वास. आठवड्यापूर्वी ज्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे मधोमध एक कुत्रं झोपलं होतं आणि त्याला उठवायची कोणाला गरज वाटत नव्हती. संध्याकाळी कॉलेजातून येताना दादरला साड्यांच्या दुकानात डोकावले, तर पाचही विक्रेते एका मोबाइलवर क्रिकेट बघत बसलेले. भाजीवाली तेवढी खुशीत. गवार, भोपळा, अळू, कारलं, एरवी ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही त्याला या पंधरा दिवसांत मान असतो. "घे गं ताई, पितरांना काय नाही म्हणतेस," ती म्हणाली. मी गवार घेतली.

घरी येऊन पाय धुतले आणि नेहमीसारखं उजव्या पायाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये नख रुतवून बघितलं. वर्षभराची सवय आहे. नखाची खूण उमटलेली दिसते. कळत काही नाही.

तिथली नस गेल्या वर्षी याच पंधरवड्यात काढली.

त्या आधीची तीन-चार वर्षं तिथे दुखायचं. सुरुवातीला वाटायचं बुटात खडा गेलाय. थांबायचं, बूट काढायचा, झटकायचा. खडा नसायचाच. मग सात-आठ किलोमीटर झाले की त्या दोन बोटांत वीज चमकून जायला लागली. रस्त्याच्या कडेला बसून पाऊल चोळायचं, पुन्हा उठायचं. रुंद बूट घेतले, आत गाद्या घातल्या, दोनदा इंजेक्शनं घेतली. पाचगार्डनला पळणारी आमची टोळी सल्ले द्यायला पुढे. कोणी म्हणालं हळद-मीठ, कोणी म्हणालं वाळूवर चाल, कोणी म्हणालं पळणं सोड. पळणं सोड म्हणणाऱ्याशी मी महिनाभर बोलले नाही.

परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई भेटल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी कागदावर पाऊल काढलं, दोन बोटांच्या मध्ये एक रेघ आणि रेघेवर एक फुगीर ठिपका. "ही नस इथे जाड झालीय. काढता येते. घाई काही नाही, नाही काढली तरी जिवाला धोका नाही. तुमच्या सोयीने करू." मग म्हणाल्या, "एक आहे. ही नस गेली की या दोन बोटांच्या मधली जागा कायमची बधिर होणार. परत काही जाणवणार नाही तिथे. विचार करून सांगा."

"चालेल," मी म्हटलं.

"घरी जाऊन विचार करा. लोक दोन-तीन आठवडे घेतात."

"नको. मला सवय आहे."

त्यांना वाटलं मी विनोद केला. त्या हसल्या. मग मीही हसले.

माझा नवरा श्रीधर जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत छातीत कळ आली आणि संपलं. मी पोहोचले तेव्हा त्याच्या साहेबांनी त्याचं घड्याळ, मोबाइल, चष्मा माझ्या हातात दिला, आणि मी विचारलं, "डबा कुठाय?" डब्यात मुगाची उसळ होती, ती आंबली असती. तिथल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. त्या दिवसापासून मी रडले नव्हते. दहाव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. बायका कानाशी येऊन म्हणायच्या, रड गं बाई, मोकळी हो. मी प्रयत्न केला. खोटं नाही सांगत, बाथरूममध्ये नळ सोडून प्रयत्न केला. नळाचं पाणी तेवढं वाया गेलं.

श्रीधर स्वतः कधी दहा पावलं पळाला नाही. बस सुटत असली तरी चालत जायचा. पण दर जानेवारीत, शहरातल्या मोठ्या शर्यतीच्या रविवारी, तो गिरगाव चौपाटीपाशी कठड्याजवळ उभा असायचा, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत माझ्या चपला. शर्यत संपली की पाय बुटात राहायला तयार नसतात, हे त्याच्या लक्षात आलेलं. मी समोरून गेले की तो पिशवी वर करून दाखवायचा. 'शाब्बास' नाही, टाळ्या नाहीत, नुसती पिशवी. मग पुढचे दोन-तीन किलोमीटर मी चपलांसाठी पळायचे.

तो गेल्यावर मी पळणं वाढवलं. आणि आता जे सांगते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला ते पाऊल दुखणं आवडायला लागलं होतं. आवडायला म्हणजे काय, बरं वाटायचं. एरवी सकाळ व्हायची, डबा व्हायचा, कॉलेजच्या ग्रंथालयातली पुस्तकं मुलांना द्यायची, परत घ्यायची, रात्र व्हायची, आणि यातलं काहीच मला लागायचं नाही. आठव्या किलोमीटरला ती कळ निघाली की वाटायचं, चला, आहे कोणीतरी घरात. पण ऑपरेशनच्या आधीच्या जानेवारीत त्या कळीने चौपाटीवरच मला खाली बसवलं. बूट काढला तो परत पायात जाईना. कठड्याकडे बघितलं. पिशवी घेऊन कोणी उभं नव्हतं. मी हातात बूट घेऊन अनवाणी टॅक्सीपर्यंत गेले. शर्यत अर्धवट सोडायची ती माझी पहिली वेळ. टॅक्सीत बसल्यावर एवढं एकच ठरवलं, की पुढच्या जानेवारीत ही एकवीस किलोमीटरची शर्यत पुरी करायची. बाकी माझ्याकडे ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तारीख काढली लोरेटाने. लोरेटा माझी पळण्यातली जोडीदारीण. खोताच्या वाडीत राहते, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाली, पण शिट्टी अजून गळ्यातच असते म्हणायला हरकत नाही. तिने चौकटींचा कागद काढला, तळाशी लाल पेनने जानेवारीतला तो रविवार लिहिला आणि वर वर जायला लागली.

"शर्यतीपासून मागे मोजायचं, नीता. आजपासून पुढे मोजलंस ना, तर माणूस कधीच तयार होत नाही." तिच्या कागदात सगळं होतं. शेवटचे आठ-नऊ आठवडे पळण्याची तयारी. त्याच्या आधी आठ आठवडे पळणं बंद, त्यातले पहिले तीन टाचेवर चालायचे, टाके, मग जागच्या जागी सायकल. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत पळायचं, दुखलं तरी. "जेवढी फिट जाशील तेवढी लवकर उठशील." मोजत मोजत तिचं पेन सप्टेंबरातल्या एका सोमवारी येऊन थांबलं. "हा. याच्यानंतर गेलीस तर जानेवारी विसर."

हॉस्पिटलातून रिसेप्शनच्या मुलीचा फोन आला, तर तिचा स्वर अगदी चाचरत. "मॅडम, सोमवारी चालेल ना? म्हणजे पितृपक्ष आहे हो. लोक आधी हो म्हणतात आणि मग आदल्या दिवशी कॅन्सल करतात. या पंधरवड्यात आमची अर्धी लिस्ट रिकामी असते."

"मला चालेल."

"घरच्यांना विचारून घ्या. त्यानंतरची मोकळी तारीख एकदम दिवाळीनंतरची आहे."

घरची म्हणजे एक. माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. त्यांच्या नवऱ्याने गिरणीत पस्तीस वर्षं काढली, त्यांनी चाळीच्या खोलीत तीन नणंदांची लग्नं लावली, चाळ पाडून टॉवर झाला तर सतराव्या मजल्यावर माझ्याबरोबर राहायला आल्या. तोंडात मालवणी, आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ही त्यांची सत्ता. एकादशी, संकष्टी, गॅसचा नंबर, दुधाचा खाडा, सगळं त्याच्यावर. पंच्याऐंशीला आल्या, पण त्यातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचतात. मी म्हटलं, "आई, सोमवारची तारीख देतायत. पंधरवडा आहे. तुम्हाला चालेल का?"

त्या कॅलेंडरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी समजले, आता नाही म्हणणार.

"घे ती तारीख," त्या म्हणाल्या. "पंधरवड्यात आपली माणसां आपल्या दारात असतत. उलट बरां." आणि तांदूळ धुवायला वळल्या.

म्हटलं, सुटले.

नंतर आठवड्याभराने गुरुजींचा फोन आला. दरवर्षी येतो. "वहिनी, सोमवारी षष्ठी. श्रीधररावांचा म्हाळ. अकराला येऊ की साडेअकराला?"

"सोमवारी नाही हो जमणार गुरुजी, सोमवारी माझं ऑपरेशन आहे," मी म्हटलं, दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणावं तसं. फोन ठेवला. हातात लोरेटाचा कागद होता. सतरा आठवडे, प्रत्येक चौकटीत काय करायचं ते लिहिलेलं. सोमवारच्या चौकटीत 'ऑप.' आणि गोल. नवऱ्याची तिथी. पंधरवड्यात त्याचा म्हणून एक दिवस, त्या दिवशी घरात त्याचं पान वाढायचं, आणि मी नेमका तोच दिवस धरून पाय कापून घ्यायला निघाले होते. इंग्रजी तारखा मागे मोजत गेले, तिथी बघितलीच नाही. आमच्यासारख्यांच्या घरात बायका नवऱ्याचा वाढदिवस विसरतील, तिथी विसरत नाहीत.

मी खुर्चीत बसले आणि वाट बघितली. आता लाज वाटेल, आता काहीतरी आतून येईल. घड्याळात दहा मिनिटं गेली. काही आलं नाही. कुकरची शिट्टी झाली, मी उठून गॅस बारीक केला. मला स्वतःची भीती वाटली ती तेव्हा. विसरल्याचं फारसं नाही, माणसं विसरतात. विसरलेलं कळल्यावरही काही वाटत नाही, याची. या बाईची एकच जागा जागी आहे, तीही सोमवारी काढून टाकणार. मग उरणार काय?

आईंना सांगितलं. "माझ्या लक्षातच आलं नाही, आई. मी पुढे ढकलते."

"पुढची कधी?"

"दिवाळीनंतर."

"मगे जानेवारी?"

"जानेवारी गेली."

त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या. हात थांबले नाहीत. "मगे नको ढकलूस. गुरुजींका सांग, सर्वपित्रीक येवा. अमावास्येक सगळ्यांचा चलता."

एवढंच. रागावल्या नाहीत, डोळ्याला पदर नाही, 'माझ्या झिलाचा दिवस विसरलीस' हा टोमणा नाही. मला वाटलं, त्याही माझ्यासारख्याच झाल्यात. एका घरात दोन बायका, दोघी दगड. बरं चाललंय.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मी शेवटची पळाले. लोरेटाने आठ किलोमीटर लिहिले होते, मी चौदा केले. लालबाग, भायखळा, तिथून परत दादर, हिंदमाताच्या खड्ड्यातलं पाणी चुकवत पाचगार्डन. सातव्या किलोमीटरला कळ सुरू झाली. मी थांबले नाही. बूट सैल केला नाही. दहाव्याला डोळ्यांपुढे तारे आले, तरी पळत राहिले. लोरेटा मागून ओरडत होती, "अगं वेडी का काय, उद्या टेबलावर झोपायचंय तुला!" ती कळ मला शेवटचं नीट बघून घ्यायची होती, गावाला निघालेल्या माणसाला दारात उभं राहून बघतात तशी. शेवटी बाकावर बसले आणि पाऊल हातात धरलं. ठसठसत होतं. अर्ध्या तासाने थांबलं.

घरी आले तर लिफ्टपासून वड्यांचा वास. काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. आमच्या सतराव्या मजल्यावर रविवारी सकाळी एवढं कधी होत नाही.

"हे काय, आई?"

"तुका उद्या उपाशी रवाचा आसा ना. आज खा पोटभर."

मी आंघोळ करून बसले आणि गरम गरम चार वडे खाल्ले. काही विचारलं नाही. न विचारण्यात मी तोवर चांगलीच तरबेज झाले होते.

सोमवारी सात वाजता भरती. नर्सने यादी वाचली, कानातलं काढा, बांगड्या काढा, जोडवी असतील तर काढा. माझ्या पायात जोडवी नव्हती, दुसऱ्या बोटाभोवती त्यांची गोल खाच मात्र होती. वीस-बावीस वर्षांची खाच, चार वर्षांत बुजत नाही. डॉक्टरीणबाईंनी निळ्या पेनने पावलावर बाण काढला तो त्या खाचेच्या शेजारून गेला. घोट्याजवळ इंजेक्शन दिलं, आणि घोट्याखालचं पाऊल हळूहळू माझं असेनासं झालं. मी जागीच होते. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे कोणीतरी माझं पाऊल धरून होतं, ओढल्यासारखं वाटायचं, पण ते ओढणं दुसऱ्या कोणाच्या घरात चाललंय असं.

"दुखतंय?" पडद्यामागून प्रश्न.

"नाही."

"काही जाणवतंय?"

"नाही."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भिंतीवर घड्याळ होतं. साडेअकरा वाजले. आता गुरुजी आले असते, पाटाखाली रांगोळी, दर्भ, तीळ. मी घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला एका बाटलीत ती नस दाखवली. मोड आलेल्या मुगाएवढी. "हिने एवढा छळ मांडला होता," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. चार वर्षं जी सोबत होती ती एवढीशी.

संध्याकाळी सोडलं. उजव्या पायात त्यांनी टाचेचा उंच बूट बांधला, पुढची बोटं अधांतरी. तिथला माणूस म्हणाला, "दुसऱ्या पायात पण जाड तळाचं काहीतरी घाला, नाहीतर कंबर धरेल." मला न्यायला आलेल्या आईंनी पिशवीत हात घातला आणि श्रीधरची एक सँडल काढली. डावी. नऊ नंबरची, जाड टायरच्या तळाची, माळ्यावर ठेवलेली. मी सोमवारपासून तीन आठवडे ती घालून घरात फिरले. ठप, ठप. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, घरात पुरुषमाणूस कोण आलंय म्हणून. आई म्हणाल्या, "कोण नाय गो. आमचीच चलता."

सर्वपित्रीला गुरुजी आले. मी पाय स्टुलावर ठेवून बाजूला बसले होते. आमच्या मजल्यावर कावळे येत नाहीत, कबुतरं येतात, म्हणून आई पान घेऊन लिफ्टने खाली गेल्या. वीस मिनिटांनी रिकाम्या हाताने आल्या. "शिवलो," म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

टाके निघाले. दिवाळी झाली. घरात फराळ आणि मी जागच्या जागी सायकल. लोरेटा दोन नोव्हेंबरला तिच्या आईवडलांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून तशीच माझ्याकडे आली, हाताला मेणाचा वास. म्हणाली, "तुमचं बरं गं, मेलेल्यांना पंधरा दिवस. आमचा एकच दिवस, त्यात पण ट्रॅफिक." नोव्हेंबरच्या मधल्या एका सकाळी तिने मला पाचगार्डनला नेलं आणि खरोखर कुठूनतरी शिट्टी काढली. दोन मिनिटं पळ, एक मिनिट चाल. मी पळाले. दोन बोटं माझ्याबरोबर नव्हती. बाकी पाऊल जमिनीला लागायचं, तेवढा तुकडा मध्येच गायब. दुखत मुळीच नव्हतं. सातव्या किलोमीटरला, पुढे डिसेंबरात, मी सवयीने तयारी केली, आता येईल. आली नाही. दहाव्याला नाही. रस्ता नुसताच मागे जात होता. लोरेटा खूश, तिच्या कागदावर बरोबरच्या खुणा वाढत होत्या. मी पण खूश असायला हवं होतं. एका सकाळी तिला म्हटलं, "लोरेटा, काही होतच नाही गं." ती म्हणाली, "मग त्याच्यासाठीच तर कापलं ना!" तिचं बरोबर होतं.

जानेवारीचा तो रविवार आला. माहीमहून निघालो, समुद्रावरच्या पुलावर उजाडलं, पेडर रोडचा चढ पायांनी निमूट चढला. केम्प्स कॉर्नर उतरून चौपाटीला वळले आणि सवयीने कठड्याकडे बघितलं. शहाळेवाल्याच्या स्टुलावर आई बसल्या होत्या. नऊवारीवर स्वेटर, डोक्याला मफलर, मांडीवर कापडी पिशवी. त्या येणार हे मला माहीत नव्हतं, पहाटे टॅक्सी करून एकट्या आलेल्या. मला बघून उठल्या, पिशवी वर केली आणि खणखणीत ओरडल्या, "पळ गो! बघतस काय?" आजूबाजूचे लोक हसले. मी पळाले. शर्यत पुरी केली. लोरेटाने मिठी मारली, गळ्यात पदक आलं. मी चौपाटीला आईंकडे परत येऊन चपला घातल्या आणि मनात म्हटलं, झालं. एका शब्दापलीकडे काही नाही. पदक फ्रिजच्या बाजूला खिळ्याला आहे, त्याच्यावर आई गाळणं अडकवतात.

हे सगळं आज आठवलं कारण आज षष्ठी. यंदा मी कॅलेंडर बघितलं, गुरुजींना आपण होऊन फोन केला, कॉलेजात रजा टाकली. लोरेटाचा नवा कागद दाराच्या मागे चिकटवलाय, जानेवारीपासून मागे मोजलेला, त्यात आजच्या चौकटीत मी स्वतः लिहिलं, 'श्रीधर. पळायचं नाही.' पण सकाळी सवयीने उठलेच आणि तीन किलोमीटर करून आले. तो असता तर हसला असता.

गुरुजी येऊन गेले. आई ओट्यापाशी श्रीधरचं पान वाढत होत्या. मी गवारीचं पातेलं घेऊन दारात आले, तर त्या पानाशी बोलत होत्या. हळू, पण आमचं स्वयंपाकघर केवढं.

"श्री, औंदा हयच जेव हां. गेल्या वर्षासारखो हास्पिटलात जाऊ नको. ती बरी आसा आता."

मी तशीच उभी राहिले.

"आणि जानेवारीत चपलांची पिशवी तुझी तू धर. माझी ढोपरां दुखतत."

"आई," मी म्हटलं, "हॉस्पिटलात म्हणजे?"

त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. खिरीची वाटी पानाच्या कडेला सरकवली. "मगे? तुझ्या आपरेशनच्या आदल्या दिसा वाढललंय ना तेका. सांगललंय, उद्या षष्ठी आसा, पण तू हय जेवक येव नको. हिचा आपरेशन आसा, थय जाऊन हिच्यापाशी बस. दुखला तरी ती कोणाक काय सांगूची नाय."

म्हणजे तारीख घे म्हणाल्या तेव्हाच त्यांनी षष्ठी बघितली होती. चष्म्याशिवाय. आणि स्वतःच्या मुलाचा वर्षातला एक दिवस त्यांनी मला देऊन टाकला होता, त्याला ताटावरून उठवून, माझ्या जानेवारीसाठी. तो हिरवा पडदा मला आठवला. दुखतंय, नाही. जाणवतंय, नाही.

"मग तो दिवसभर उपाशी बसला तिथे?" माझ्या तोंडून निघालं.

"उपाशी कित्या? आदल्या दिसा वडे खाल्ल्यान ना."

"ते वडे मी खाल्ले, आई. चारही."

"तू तीन खाल्लंस," आई म्हणाल्या. "मी मोजललंय."

पातेलं माझ्या हातात होतं ते मी कसंबसं ओट्यावर ठेवलं, आणि मला रडू आलं. नळ न सोडता. पाच वर्षांचं एकदम, मोठ्याने, लहान पोरीसारखं तोंड वेडंवाकडं करून. मला वाटलं आई जवळ घेतील. त्यांनी एका हाताने पान उचलून छातीशी धरलं आणि कोपराने मला ढकललं.

"खीर खारट होतली गो. बाजूक हो."

मी बाजूला झाले. त्या पान घेऊन लिफ्टकडे निघाल्या, आणि मी तशीच रडत त्यांच्या मागोमाग खाली गेले.